कालप्रवासी नायक प्राचीन रोममध्ये उतरवताना

प्रश्न असा आहे: आजचा एक मराठी इंजिनियर कालयंत्रातून इ.स. ७९ मधल्या पॉम्पेईत पोचतो आणि व्हेसुव्हियसच्या उद्रेकाआधी लोकांना सावध करायला धडपडतो. अशी कादंबरी लिहिताना तपशिलात कुठे घसरायची भीती आहे, आणि कालयंत्राचं स्पष्टीकरण किती द्यावं?

यंत्राची काळजी सोडा. यंत्र वाचक एका वाक्यात पत्करतो. कुणाच्या ओळखीपाळखीचा नसलेला, भलत्याच कपड्यांतला तिशीचा धडधाकट माणूस भर चौकात अवतरतो आणि तिसऱ्या पानावर एखाद्या सिनेटरच्या घरी जेवायला बसतो, हे मात्र त्याच्या गळी उतरत नाही. त्या जगात अनोळखी माणसाबद्दल पहिला प्रश्न पडे तो हा, की हा कुणाचा? कुणाचा मुलगा, कुणाचा गुलाम, कुणी मुक्त केलेला, कुणाच्या आश्रयाला? याचं उत्तर नसलेल्या माणसाला पळालेला गुलाम समजलं जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ही भीती कल्पनेतली नाही. वाटसरूंना पकडून जमीनदारांच्या गुलाम-कोठड्यांत डांबण्याचे प्रकार इतके वाढले होते की पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात त्या कोठड्यांची तपासणी करावी लागली. पुढे सम्राट झालेल्या तरुण टायबेरियसकडे ते काम होतं, असं रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो. दाद मागायला आजच्या अर्थाने पोलीस चौकी नाही. फिर्यादीनेच प्रतिवादीला न्यायाधिकाऱ्यासमोर आणायचं असतं, आणि त्यासाठी पाठीशी वजनदार माणूस लागतो.

म्हणून कथानक रचण्याआधी नायकाचा दर्जा ठरवा. रोमन नागरिक तो होऊ शकत नाही, त्यामुळे टोगा त्याला वर्ज्य. गुलाम केलात तर कादंबरी वेगळीच होईल. वाईट नाही, पण लोकांना सावध करायची मोकळीक त्याला उरणार नाही. सोयीचा दर्जा म्हणजे परकीय, ‘पेरेग्रिनुस’, आणि तोही अलेक्झांड्रियाच्या एखाद्या ग्रीकभाषी व्यापाऱ्याच्या माणसांपैकी एक. अंगात गुडघ्यापर्यंतचा अंगरखा, कमरेला पट्टा. पँट म्हणजे रानटी टोळ्यांचा वेश. चष्मा असेल तर तो आधी काढून टाका किंवा त्याचंच एक प्रकरण करा, कारण चष्मा इटलीत आला तेराव्या शतकाच्या अखेरीस.

हा दर्जा घ्यायचा तर मराठी लेखकाला आयती वाट मिळते. नायकाला पॉम्पेईत टाकूच नका. त्याला आठ-नऊ महिने आधी तेरला उतरवा.

धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक नौकानयन-पुस्तिकेतलं तगर. कर्त्याचं नाव आपल्यापर्यंत पोचलेलं नाही, पण माणूस इजिप्तमधला आणि व्यापारातला मुरलेला. तो अंतरं देतो: भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरहून साधं कापड आणि तलम मलमल, पैठणहून अकीकासारखे दगड बैलगाड्यांनी अवघड वाटांवरून भडोचला जातात. म्हणजे तेर ते भडोच तीस दिवस. यावरून वेळापत्रक सरळ बसतं. पावसाळा सरून वाटा वाळल्यावर, इ.स. ७८च्या नोव्हेंबरात तेरहून निघायचं. डिसेंबरच्या अखेरीस ईशान्य वाऱ्यावर भडोचहून जहाज सोडायचं; या वाऱ्यासाठी डिसेंबर ते जानेवारीचा मध्य हा काळ रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी देतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तांबड्या समुद्रावरचं बेरेनिके बंदर. तिथून वाळवंटातून उंटांवर बारा दिवस नाईलकाठच्या कॉप्टोसपर्यंत, बहुतेक चाल रात्रीची, उन्हामुळे. मग नाईलच्या प्रवाहाबरोबर अलेक्झांड्रिया. पूर्वेकडून आलेल्या मालावर २५ टक्के जकात. हा आकडा संवादात एकदा तरी येऊ द्या, कारण सगळा व्यापारी वर्ग याच आकड्यावर कुरकुरत जगत होता. अलेक्झांड्रियाहून इटलीकडे जाताना उन्हाळ्यात वारा तोंडावर असतो, त्यामुळे महिना ते दोन महिने धरा. जून-जुलैत जहाज नेपल्सजवळच्या पुतेओली बंदराला लागेल. तिथे उतरल्यावर पहिली बातमी कानावर पडेल ती सम्राट व्हेस्पेशियन वारल्याची, कारण तो २३ जूनच्या सुमारास गेला. टायटस नुकताच गादीवर आलेला. पॉम्पेई तिथून सुमारे ३५ किलोमीटर.

मधल्या टप्प्यात कल्याण घालायचा मोह होईल. घाला, पण पेरिप्लस काय म्हणतो ते पाहून: त्या काळात कल्याणला लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. हा अडथळाच एका प्रकरणाचं काम करून जातो. राजाचं नाव मात्र टाळा. क्षत्रप नहपान आणि सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी यांच्या सालांवर अभ्यासकांत मोठा वाद आहे. नाव घेतलंत की तुम्ही एका पक्षात गेलात. ‘राजाचे लोक’, ‘क्षत्रपाचा अधिकारी’ एवढ्यावर भागतं.

इथेच एक खड्डा आहे, आणि मराठी हस्तलिखितं त्यात हटकून पडतात. नायकाची मराठी तेरमध्येही चालणार नाही. तिथे प्राकृत बोललं जातं, लिपी ब्राह्मी. काही शब्द कानाला ओळखीचे वाटतील, एवढंच. जेवणाचं तेच: मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, मका, साबुदाणा यातलं काहीही ना तेरला, ना पॉम्पेईला. चहाही नाही. आणि ‘आमचा शून्य’ रोमनांना शिकवण्याचा प्रसंग लिहिणार असाल तर नाणेघाटातल्या लेखातले अंक आठवा. तिथे दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत; स्थानमूल्य नाही. शून्य नायक आपल्या खिशातून नेईल, सातवाहनांकडून नाही.

आता तारीख. पॉम्पेईची कादंबरी सर्वांत जास्त अडते ती इथे. परंपरेने २४ ऑगस्ट ७९. धाकट्या प्लिनीने (थोरल्याच्या भाच्याने) इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्रांच्या हस्तलिखितांवरून ती आली. पण २०१८ मध्ये पॉम्पेईतल्या एका घरात कोळशाने लिहिलेली ओळ सापडली: नोव्हेंबरच्या कॅलेंड्सच्या (रोमन महिन्याच्या पहिल्या तारखेच्या) आधीचा सोळावा दिवस, म्हणजे १७ ऑक्टोबर. साल लिहिलेलं नाही. तरी कोळशाचं लिखाण भिंतीवर वर्षभर टिकणं अवघड, म्हणून अनेकांनी २४ ऑक्टोबरकडे कौल दिला. डाळिंबं आणि वापरातल्या शेगड्या याही त्याच बाजूने पुढे केल्या जातात. ऑगस्टचे पुरस्कर्तेही संपलेले नाहीत. गंमत अशी की रोमन पद्धतीत दोन्ही तारखा ‘कॅलेंड्सच्या आधीचा नववा दिवस’ अशाच होतात. एकीकडे सप्टेंबरच्या, दुसरीकडे नोव्हेंबरच्या. नकलाकाराकडून महिन्याचं नाव तेवढं चुकलं की झालं.

लेखकाला याहून चांगली देणगी कोण देणार? नायकाला उद्रेक माहीत आहे, पण नक्की कधी हे माहीत नाही. तो ऑगस्टमध्ये गावभर बोंब मारतो, २४ तारीख कोरडी जाते, त्याचं हसं होतं, आणि ऑक्टोबरात त्याचं कुणी ऐकत नाही. माझा सल्ला ऑक्टोबर घेण्याचा आहे, इतिहासापेक्षा कथानकाच्या सोयीसाठी.

तारीख मोजताना रोमन दोन्ही टोकं धरतात: २४ ऑगस्टपासून १ सप्टेंबरपर्यंत आपण आठ मोजतो, ते नऊ. कालयंत्राला दिलेली तारीख आजच्या ग्रेगोरियन पंचांगाची असेल तर आणखी एक घोळ होतो. पहिल्या शतकाच्या त्या भागात रोमनांच्या ज्युलियन पंचांगात आणि आपल्यात दोन दिवसांचा फरक आहे. ज्युलियन २४ म्हणजे ग्रेगोरियन २२. ख्रिस्तपूर्व काळात उडी मारणार असाल तर शून्य साल नाही हेही लक्षात ठेवा: इ.स.पू. ४४ खगोलगणिती हिशेबात उणे ४३ होतं. यंत्रात उणे ४४ भरून सीझरच्या खुनाच्या एक वर्ष आधी पोचणारा नायक विनोदी कादंबरीत शोभेल.

घड्याळाचंही तसंच. सूर्योदय ते सूर्यास्त बारा तास, ऋतू कोणताही असो. पॉम्पेईच्या अक्षांशावर ऑगस्टच्या अखेरीस एक तास सुमारे ६७ मिनिटांचा, ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे ५४चा. ‘दहा मिनिटांत भेटू’ हे वाक्य कुणाच्याही तोंडी घालू नका, मिनिटं नाहीतच. ‘सातव्या तासाला’ म्हणजे माध्यान्ह उलटल्यावर. काटेकोरपणाची हौसही त्यांना बेताचीच होती. इ.स.पू. २६३ मध्ये सिसिलीतल्या कॅटानियाहून लुटून आणलेलं छायाघड्याळ रोममध्ये उभारलं, त्याच्या रेषा रोमच्या अक्षांशाला जुळत नव्हत्या, आणि शहर ९९ वर्षं त्यावर चाललं.

पैशांचा हिशेब लहान आहे, पाठच करा. एक सोन्याचा ऑरियस म्हणजे २५ दिनार, एक दिनार म्हणजे ४ सेस्टर्स, एक सेस्टर्स म्हणजे ४ आस. सैनिकाचा वर्षाचा पगार ९०० सेस्टर्स. पॉम्पेईच्या एका पाटीवर वाइनचे भाव आहेत: साधी एक आस, बरी दोन, फालेर्नियन चार. तिथल्याच एका व्यवहारात खेचर ५२० सेस्टर्सला गेलं. यांच्या आसपास राहिलात की वाचकाचा विश्वास बसतो. जुन्या वस्तूंच्या दुकानातून खरी रोमन नाणी घेऊन नायकाला पाठवायची कल्पना आकर्षक आहे, फक्त त्यावर ट्रेजनचं डोकं नको. तो ९८ मध्ये गादीवर आला.

नायकाला थेट इटलीतच उतरवायचं असेल तर त्याच्या पाठीवर नाण्यांऐवजी मसाला द्या. थोरला प्लिनी भाव देतो: काळी मिरी पौंडाला ४ दिनार, पांढरी ७, आणि पिंपळी १५. रोमन पौंड ३२७ ग्रॅमचा. म्हणजे साडेअठरा किलो काळी मिरी किंवा जेमतेम पाच किलो पिंपळी ही एका सैनिकाची वर्षभराची कमाई. आज पाच किलो पिंपळी कोणत्याही काष्ठौषधीवाल्याकडे मिळेल. पॉम्पेईच्या बाजारात तो ती काढील तेव्हा गिऱ्हाइकाआधी प्रश्न येतील: जकातीचा पुरावा कुठाय, कुणाच्या वखारीतून आली? पुन्हा तोच प्रश्न, हा कुणाचा. पूर्ण भाव त्याला मिळणार नाही. चोरीचा माल समजून कुणीतरी निम्म्याला घेईल, आणि तोच त्याच्यावर नजर ठेवेल. यातून खलनायक आपोआप तयार होतो.

तंत्रज्ञानाचे चमत्कार या प्रकारातले सगळ्यात कच्चे प्रसंग असतात. नायकाला वाफेचं इंजिन माहीत असतं, पण त्यासाठी एकसारख्या व्यासाचं पोकळ सिलिंडर लागतं. ते अचूक कोरणारं यंत्र इंग्लंडमध्ये १७७०च्या दशकात आलं. छपाई करायची तर खिळ्यांचा मिश्रधातू, तेलावरची शाई आणि कागद. रोमकडे पपायरस आणि मेणाच्या पाट्या; पपायरसवर दाब पडला की तंतू उकलतात. जमण्यासारखं काय? रिकीब, कारण ती लोहाराला चित्र काढून दाखवता येते. जखम धुण्याआधी हात धुणं, पाणी उकळणं. यानेही सगळे वाचणार नाहीत, आणि एक रोगी दगावला की परक्या वैद्यावर विषाचा आळ यायला वेळ लागत नाही. एकच गोष्ट निवडा आणि ती अर्धवट फसू द्या.

भाषेचं म्हणाल तर पुतेओली-नेपल्स पट्ट्यात ग्रीक सर्रास चालते, त्यामुळे अलेक्झांड्रियाच्या वाटेने आलेल्या नायकाला आधी मोडकी ग्रीक येऊ द्या. लॅटिन तो पुस्तकातून शिकला असेल तर उच्चार अडतील: सी नेहमी ‘क’, व्ही जवळपास ‘व’ आणि ‘उ’ यांच्या मधला. ‘सीझर’ म्हटलेलं कुणाला कळणार नाही, ते ‘काएसार’ म्हणतात. त्या काळच्या लॅटिनमध्ये आदरार्थी बहुवचन नाही. गुलामही मालकाला एकवचनातच बोलतो. मराठीत तसंच ठेवलंत तर दर्जातलं अंतर पुसलं जाईल, म्हणून गुलामाला ‘मालक’ आणि ‘तुम्ही’ द्या, बरोबरीच्यांना ‘तू’. निवेदनात बखरीची भाषा आली की संपलं. ‘फौज’, ‘मुजरा’, ‘सरदार’ म्हटलं की डोळ्यांपुढे शनिवारवाडा उभा राहतो. उलट टोकाला ‘हे महाराज’ म्हणणारे सिनेटर पौराणिक नाटकातून आल्यासारखे दिसतात. बोलीला जवळची, विशेषणं कमी असलेली मराठी यावर उत्तम.

आता मुख्य प्रसंग. लोकांना सावध का करता येत नाही? व्हेसुव्हियस त्यांच्या लेखी द्राक्षमळ्यांचा डोंगर होता. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने शिखरावरचे जळालेले खडक पाहून तिथे कधीकाळी आग असावी असा तर्क केला होता, पण तो पुस्तकात. भूकंपांची सवय होती, इ.स. ६२च्या फेब्रुवारीतल्या मोठ्या धक्क्यानंतर शहरात दुरुस्त्या अजून चालूच होत्या. उद्रेकाआधी काही दिवस धक्के बसत होते, तरी कंपानियात (पॉम्पेईच्या प्रांतात) हे नेहमीचंच म्हणून फारसं कुणी घाबरलं नाही, हे धाकटा प्लिनी स्पष्ट लिहितो. त्यामुळे ‘जमीन हलतेय, पळा’ हा इशारा तिथे कुचकामी.

वेळा अशा धरा. दुपारी एकच्या सुमारास ढगाचा खांब उठतो. वारा आग्नेयेकडे वाहत असल्याने सच्छिद्र दगडांचा पाऊस पॉम्पेईवर पडू लागतो, डोंगराच्या पश्चिमेच्या हर्क्युलेनियम गावावर अगदी थोडा. संध्याकाळपर्यंत पॉम्पेईत छपरं कोसळू लागतात. सकाळपर्यंत थर अडीच मीटरच्या पुढे जातो. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास तप्त राखेचा लोट हर्क्युलेनियम संपवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच लोट पॉम्पेईत शिरतो. समुद्रमार्ग बंद: वारा किनाऱ्याकडे, पाण्यावर दगडांचा खच. थोरला प्लिनी जहाजं घेऊन आला, त्याला ठरल्या जागी लागता आलं नाही, तो स्टाबियाला गेला आणि तिथेच मेला.

याचा अर्थ नीट लावा. सगळ्यांना सहज सुचणारी दिशा दक्षिणेची, डोंगराकडे पाठ करून. पण दगडांचा पाऊस तिकडेच चालला आहे. सुटायची चांगली वाट म्हणजे पहिल्या काही तासांत उत्तरेला नेपल्सचा रस्ता धरणं, सुमारे २४ किलोमीटर, डोंगराच्या पायथ्यावरून, हर्क्युलेनियमवरून, मध्यरात्रीच्या आत. म्हणजे घाबरलेल्या लोकांना तुमच्या नायकाने सांगायचं आहे की पेटलेल्या डोंगराकडे चला. आणि हे सांगतोय कोण, तर कुणाचाच नसलेला एक परकीय. कादंबरीचा कळसाध्याय हाच. यापुढे कालयंत्राचा कोणताही चमत्कार फिका आहे.

त्याचं ऐकेल असा एकच अधिकारी त्या आखातात आहे, आणि तो पुतेओलीच्या जवळच मिसेनमला नौदलाचा प्रमुख आहे. हाच थोरला प्लिनी. मिरीचे भाव, हिंदुस्थानचा सागरी मार्ग, रोमचं हिंदुस्थानात दरसाल जाणारं पाच कोटी सेस्टर्सचं धन, हे सगळं त्यानेच लिहून ठेवलेलं. तेरहून आलेला माणूस बंदरात आहे हे कळलं तर तो त्याला बोलावून घेईल, आणि ज्वालामुखी सोडून सगळ्या गोष्टींबद्दल विचारत बसेल. हे दोन-तीन प्रवेश मन लावून लिहा.

इतिहास बदलू द्यायचा का, याला एक वापरता येण्याजोगा नियम आहे: जिथे पुरावा सापडला आहे तिथे हात लावायचा नाही, जिथे नाही तिथे लेखक मोकळा. पॉम्पेईत आजवर अकराशेच्या आसपास मृतांचे अवशेष मिळाले आहेत आणि शहराचा सुमारे तिसरा हिस्सा अजून उकरलेला नाही. गावची वस्ती दहा हजारांच्या आसपास मानतात. म्हणजे बरेच जण निसटले असणार. तुमच्या नायकाने वाचवलेली माणसं त्यांच्यात सहज मावतात आणि एकाही सांगाड्याची जागा हलत नाही.

याच नियमाने तेर आणि पॉम्पेई एका वस्तूने बांधता येतात. १९३८ मध्ये पॉम्पेईतल्या एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. उंची सुमारे २४ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना छोट्या दासी, गळ्यात-हातात दागिन्यांचा भार, डोक्यातून खाली कोरलेलं भोक. म्हणजे आरशाची मूठ किंवा एखाद्या चौरंगाचा भाग असावी. तळाशी खरोष्ठी या प्राचीन भारतीय लिपीतलं अक्षर. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. नायकाच्या गाडीतल्या कापडाच्या गाठोड्यात ती घाला. पुतेओलीला ती विकली जाऊ द्या, किंवा चोरीला जाऊ द्या. उद्रेकाच्या दिवशी ती कुठे असली पाहिजे हे मात्र तुमच्या हातात नाही: अब्बोंदान्झा रस्त्याजवळच्या त्या घरात, लाकडी पेटीच्या आसपास. नायकाला ती परत न्यायची असेल तर त्याला घरापर्यंत पोचू द्या, हातात घेऊ द्या, आणि ती तिथेच ठेवायला लावणारं कारण कथानकातूनच काढा. बाहेर पडायच्या दारात थर गुडघ्याच्या वर गेलेला असेल आणि हातात एखादं मूल असेल, तर कारण फार शोधावं लागणार नाही.